कारखान्याच्या एमडीला परीक्षा, संस्थेच्या सचिवाला काय?

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: बारामती व इंदापूर तालुक्यांतील सार्वजनिक न्यासांचे वरिष्ठ कार्यकर्ते, त्यांची तयारी आणि त्यांच्यामागची सोय.

महोदय,

उसाच्या पट्ट्याविषयीचं पत्र साखरेपासून सुरू झालं तर आपण गैर मानणार नाही. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी कारखाने उभे आहेत. यातल्या एखाद्या कारखान्याला कार्यकारी संचालक, म्हणजे सभासदांच्या भाषेत ‘एमडी’, नेमायचा झाला तर त्याची एक रीत ठरलेली आहे. साखर आयुक्तालयाकडे पात्र उमेदवारांचं पॅनेल असतं. त्या पॅनेलवर नाव लागण्यासाठी परीक्षा होते आणि ती घेण्याचं काम पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेकडे सोपवलं गेलं आहे. मुख्य लेखापाल, चीफ केमिस्ट अशी केस पिकलेली माणसं तिला बसतात. शिवाय मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहेच. कारखान्याच्या राजकारणाबद्दल कोणाला काय बोलायचं ते बोलू द्या, पण गाळप ज्याच्या भरवशावर सोडायचं तो माणूस शिकलेला असावा, एवढं या क्षेत्राने मान्य केलेलं आहे.

निवडून आलेल्या सरपंचाला प्रशिक्षणासाठी यशदाची यंत्रणा आहे. मुख्याध्यापकाला शिक्षण खात्याची प्रशिक्षणं टाळता येत नाहीत. जिल्हा बँकेच्या शाखाधिकाऱ्यालाही अधूनमधून वर्गात बसावं लागतं. एकच माणूस या सगळ्यातून सुटलेला आहे. तो एखाद्या न्यासाचा सचिव असतो, कार्याध्यक्ष असतो किंवा हल्लीच्या भाषेत ‘सीईओ’ असतो. त्याच्या हाताखाली वसतिगृह असतं, दोन-तीन शाळा असतात, बचत गटांचं जाळं किंवा पाणलोटाचं काम असतं, पन्नास-शंभर पगारी माणसं असतात. तो हे कुठे शिकला? कोणाकडून शिकला? उद्या तो आजारी पडला तर चेकवर सही कोणाची? आपल्या कार्यालयातल्या कोणत्याही कागदावर याचं उत्तर सापडत नाही, कारण हा प्रश्नच कोणी विचारलेला नाही.

आपलं कार्यालय जे विचारतं ते महत्त्वाचं आहे आणि ते विचारलंच पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा देशातल्या कडक कायद्यांपैकी एक. न्यासाची मालमत्ता विकायची तर आपली परवानगी लागते. हिशेब तपासून दरवर्षी सादर करावे लागतात. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा देऊन गेला, तर कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. पैसा कुठून आला, कुठे गेला आणि विश्वस्तांच्या यादीत नाव कोणाचं, एवढं सगळं त्यातून कळतं. संस्था रोज सकाळी कोण उघडतं, ते मात्र कळत नाही. पुष्कळ संस्थांत यादीतले विश्वस्त वर्षातून दोन सभांना येतात आणि संस्था यादीत नसलेला एक माणूस चालवत असतो. त्या माणसाविषयी हे पत्र आहे.

बारामतीचं उदाहरण घेताना इतिहासाकडे थोडं वळावं लागेल. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तालुक्याचे दोन तुकडे पाडले, बागायत आणि जिरायत. कालव्याखालच्या गावांना ऊस मिळाला. सुपे, मोरगावकडच्या गावांच्या नशिबी पावसाची वाट पाहणं आलं. साठचं दशक संपताना आणि ७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे याच जिरायत पट्ट्यात कामाच्या बदल्यात धान्य या पद्धतीने पाझर तलावांची कामं निघाली. धान्य ‘कासा’ या चर्चशी संबंधित मदतसंस्थेकडून येत होतं, घाम गावकऱ्यांचा होता. या कामाच्या ओघातच १९७१ मध्ये अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला. डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे प्राण. ठिबकचा प्रसार, शेतीचे प्रयोग, शारदानगरचा शैक्षणिक पसारा, १९९२ मध्ये आलेलं कृषी विज्ञान केंद्र, अशी ती वाढ झाली. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान आलं. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९६२ मध्ये, अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालेलं होतं. तिकडे इंदापुरात शंकरराव पाटील तथा भाऊंच्या पिढीने शिक्षणसंस्था उभ्या केल्या. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं, भीमाकाठची गावं उठली, आणि पुनर्वसन, मच्छीमारी, मुलांचं शिक्षण असे प्रश्न घेऊन नवे कार्यकर्ते पुढे आले.

आप्पासाहेब २००० मध्ये गेले. ट्रस्टची धुरा त्यांचे पुत्र राजेंद्र पवार यांच्याकडे आली, कामही वाढलं. शारदानगरला कृषी प्रदर्शन पाहायला राज्यभरातून शेतकरी येतात आणि महिला बचत गटांच्या मालाला पुण्यात बाजार मिळवून देणारी भीमथडी जत्रा आता पुणेकरांच्या हिवाळ्याचा भाग झाली आहे. तेव्हा घराण्याने संस्था चालवली म्हणजे ती बुडालीच, असं म्हणायला इथे जागा नाही. घरातला वारसदार लहानपणापासून काम पाहत असतो, त्याला माणसं ओळखतात, दात्यांचा विश्वास आयता मिळतो. शिवाय मोठ्या ट्रस्टला पगारी व्यवस्थापक परवडतात आणि ते ठेवलेलेही असतात.

अडचण बाकीच्यांची आहे. ज्या संस्थापकाच्या पोटी संस्थेत रस असलेलं मूल नाही, किंवा मूल आहे पण ते बंगळुरूला संगणकावर बसलं आहे, त्याच्या संस्थेने काय करायचं? बारामती-इंदापुरातल्या मधल्या आणि लहान न्यासांपैकी कित्येक सत्तर ते नव्वदच्या दशकांत सुरू झाले. सुरू करणारी माणसं तेव्हा तिशीत होती. आज ती सत्तरीच्या आसपास आहेत. वीस-पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेला एखादा ‘सर’ किंवा राबलेली एखादी ‘ताई’ प्रत्येक संस्थेत असते. तिला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं; ताळेबंद कसा वाचायचा ते मात्र कोणी शिकवलेलं नसतं. दात्याशी बोलायला अध्यक्ष स्वतः जातात. बँकेतही अध्यक्षच जातात. मग अध्यक्ष एक दिवस हॉस्पिटलात दाखल होतात आणि ताईंना कळतं, की आपल्याला काम येतं, संस्था चालवता येत नाही.

त्यानंतर काय होतं, ते आपल्या कार्यालयाइतकं कोणालाच ठाऊक नाही. एकाच संस्थेचे दोन गट दोन परस्परविरोधी चेंज रिपोर्ट घेऊन येतात. दोघांकडे सभेची नोटीस असते, दोघांकडे इतिवृत्त असतं. तारखा पडतात. बारामतीहून शंभर किलोमीटर आणि इंदापूरहून त्याहूनही लांब पुण्याला हेलपाटे सुरू होतात. निकाल लागेपर्यंत बँक सही बदलून देत नाही, कंपनी निधीचा दुसरा हप्ता थांबवते, वसतिगृहाचा किराणा उधारीवर येतो. या वादांना आपण मालमत्तेचे वाद म्हणून पाहतो आणि बऱ्याचदा ते असतातही. पण मुळात किती वाद केवळ याच कारणाने उद्भवले, की संस्थापकाने हयातीत ‘माझ्यानंतर कोण’ हा विषय सभेत येऊच दिला नाही? आपल्याकडे आपल्याच मरणाचा विषय काढणं अशुभ मानतात. मृत्युपत्र लिहायला घाबरणारा माणूस संस्थेची पुढची सोय कशी लावेल?

गंमत अशी, की ही सोय लावण्याची परंपरा याच पुणे जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी होती आणि ती परदेशातून आणलेल्या पुस्तकांशिवाय चालली होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८४ पासून आजीव सदस्यांची पद्धत घातली. जो शिकवणार, तोच संस्था चालवणार. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं राहिले ते याच बंधनाखाली. त्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा तर नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी घातली. वाचन, प्रवास, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम, आणि त्या काळात स्वतःच्या मर्जीने जाहीर भाषणं ठोकायची नाहीत. गोखले १९१५ मध्ये अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. त्यांच्या जागी अध्यक्ष झाले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, मद्रासकडचे, तमिळ. ना नातं, ना गाव, ना भाषा. उमेदवारीतून गेलेला माणूस म्हणून समाजाने त्यांना स्वीकारलं.

महर्षी कर्व्यांचं तर याहून पुढचं. हिंगण्याच्या आश्रमाला माणसं कमी पडतील, ही काळजी त्यांना फार लवकर लागली आणि १९१० च्या सुमारास त्यांनी कार्यकर्ते घडवण्यासाठी ‘निष्काम कर्म मठ’ नावाची वेगळी संस्थाच काढली. विधवांसाठी आश्रम आणि आश्रमासाठी माणसं घडवणारा मठ! आजचा एखादा दाता याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून नापास करील.

मठाचा त्याग आज कोणी मागू नये, आणि मागितला तरी मिळणार नाही. पंचाहत्तर रुपयांच्या त्यागाच्या कथा सांगून आजच्या कार्यकर्त्याला कमी पगारात राबवणं, हा तर आपल्या क्षेत्रातला जुना अन्याय आहे. घ्यायचं ते एवढंच: पुढचा माणूस आधीपासून तयार करणं हे संस्थेचं काम आहे आणि त्याला वेळ, पैसा व नाव देऊन करावं लागतं.

अलीकडची उदाहरणंही दूरची नाहीत. इंदापूरहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं की उरुळी कांचन लागतं. गांधीजींनी १९४६ मध्ये तिथे निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि मणिभाई देसाईंना मागे ठेवलं. मणिभाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ स्थापन केली. संकरित गायींच्या कामाने ती देशभर पसरली. त्यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढ्या उंचीच्या संस्थापकानंतर संस्था कोसळण्याची शक्यता फार. मणिभाई १९९३ मध्ये गेले आणि डॉ. नारायण हेगडे यांनी सूत्रं घेतली. पुढे गिरीश सोहनी, त्यांच्यानंतर भरत काकडे. तिघेही बाएफमध्येच मुरलेले, तिघांपैकी कोणीही मणिभाईंच्या घरचं नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यापासून दिल्लीच्या मंत्रालयापर्यंत सगळ्या पायऱ्या चढलेली माणसं संस्थेत एकाच वेळी अनेक होती, म्हणून निवड करता आली. एकच माणूस तयार केला असता तर तो सोडून गेल्यावर पुन्हा तेच.

शिरूर तालुक्यातल्या पाबळची गोष्ट आकाराने लहान, म्हणून बारामती-इंदापूरच्या संस्थांना जास्त उपयोगी. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये या दुष्काळी गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली मुलं हाताने काम करत विज्ञान शिकतात, हे त्यांनी करून दाखवलं. असा आश्रम माणसाच्या स्वभावावर चालतो. माणूस गेला की संपतो. कलबाग सर २००३ मध्ये गेले. आश्रम संपला नाही. योगेश कुलकर्णी या अभियंत्याने तो पुढे चालवला, आणि चालवताना तसाच्या तसा ठेवला नाही. शाळांमधला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम वाढला, फॅब लॅबचं काम वाढलं. संस्थापकाच्या फोटोला हार घालून जुनंच रेटत राहणं, हा वारसाचा सर्वांत सोपा मार्ग असतो. पाबळने तो घेतला नाही.

आणि सांगवीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथे मॅक्सीन बर्नसन यांनी १९८० च्या दशकात प्रगत शिक्षण संस्था उभी केली. अमेरिकेत जन्मलेल्या, भारताचं नागरिकत्व घेतलेल्या, उत्तम मराठी बोलणाऱ्या या बाईंच्या व्यक्तिमत्त्वाची छाप संस्थेवर इतकी, की त्यांच्याशिवाय संस्थेच्या कमला निंबकर बालभवन या शाळेची कल्पना करणं अवघड वाटावं. मंजिरी निंबकर मुळात वैद्यकीय डॉक्टर. त्या बाईंच्या बरोबरीने शाळेत काम करत गेल्या आणि बाई हयात असतानाच संस्था त्यांच्या हाती आली. संस्थापक समोर असताना दुसऱ्याने निर्णय घेणं आणि संस्थापकाने गप्प बसणं, याइतकं अवघड काम या क्षेत्रात दुसरं नसेल.

याच्या उलट बाजूला पुरंदरचं नायगाव. ७२ च्या दुष्काळाने हलवलेले उद्योजक विलासराव साळुंखे तिथे गेले आणि पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या प्रमाणात वाटायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, उसाला पाणी द्यायचं नाही, अशी पाणी पंचायत त्यांनी उभी केली. बारामतीच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यात, उसाच्या नाकावर टिच्चून. ते २००२ मध्ये गेले. त्यांच्या ग्रामगौरव प्रतिष्ठानचं काम कल्पनाताई साळुंखे यांनी नेटाने पुढे नेलं. पण विचार करा, एवढ्या मोठ्या विचाराला पुढचा आधार मिळाला तो पुन्हा घरातूनच.

आता पैशाचं. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ आहे, फेरेरो आहे, भारत फोर्ज आहे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा जुना कारखाना आहे, भिगवणला कागद कारखाना आहे. मोठ्या कंपन्या आपल्या मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांना शिकायला पाठवतात आणि तो खर्च गुंतवणूक म्हणून दाखवतात. सामाजिक दायित्वाचा निधी देताना सूर वेगळा असतो: ‘आमचा पैसा थेट लाभार्थ्यांपर्यंत गेला पाहिजे.’ कंपनी कायदा, २०१३ खालच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. संस्थेच्या माणसांवर नाही. तरीही ती संस्थेच्या अंदाजपत्रकावर सर्रास लावली जाते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली गेली आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी आली. मोठ्या शहरी संस्था लहान ग्रामीण संस्थांना हाताला धरून वाढवत, ती वाट तिथे बंद झाली.

कागदपत्रांचा भार मात्र वाढला. १२-ए आणि ८०-जीचं नूतनीकरण, सीएसआर-१ चा अर्ज, दर्पण पोर्टल, देणगीदारांचं वार्षिक विवरण, शिवाय आपल्या कार्यालयाचं ऑनलाइन काम. संस्थेच्या प्रमुखाचा दिवस यात जातो. पोरांशी, बायांशी, शेतकऱ्यांशी बोलायला म्हणून ज्याने हे काम पत्करलं, तो सीएच्या ऑफिसात बाकावर बसलेला दिसतो.

बारामती-इंदापुरात याला आणखी एक गाठ आहे आणि ती स्पष्ट लिहिली पाहिजे. इथे संस्थेचं नाव काढलं की पुढचा प्रश्न येतो, ‘कुठल्या गटाची?’ कारखान्याची निवडणूक, पंचायत समिती, बाजार समिती, सगळीकडून आखलेल्या रेषा संस्थांच्या अंगणातून जातात. त्यामुळे एका संस्थेचा प्रमुख शेजारच्या संस्थेच्या प्रमुखाकडे जाऊन ‘माझं अडलंय, तू काय केलंस?’ असं विचारू शकत नाही. विचारलं तर संध्याकाळपर्यंत ते चहाच्या टपरीवर पोचतं. वरच्या खुर्चीतला माणूस सगळीकडेच एकटा पडतो. इथे तो जास्त एकटा पडतो. म्हणूनच बोलावणारा कोणीतरी गटाबाहेरचा हवा. तालुक्याच्या राजकारणात ज्याचं पॅनेल नाही, असं सर्व न्यासांशी नातं असलेलं एकच कार्यालय आहे. ते आपलं.

इंग्लंडमध्ये स्वयंसेवी संस्थांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी १९८७ मध्ये स्वतःची संघटना काढली. एकमेकांना सल्ला देणं, नव्याने पदावर आलेल्याला जुन्याची सोबत मिळवून देणं, विश्वस्तांशी वाद झाला तर आधार देणं, अशी कामं ती करते. भारतात दिल्लीच्या परिसरात गेल्या दशकात सामाजिक क्षेत्रातल्या नेतृत्वासाठी अभ्यासक्रम निघाले आहेत. एडेलगिव्ह फाउंडेशनने २०२१ मध्ये इतर दात्यांना बरोबर घेऊन शंभर संस्थांना त्यांच्या कामकाजाचा पाया पक्का करण्यासाठी शंभर कोटींचा ‘ग्रो’ निधी जाहीर केला. कार्यक्रमाला नव्हे, संस्थेलाच पैसा, ही कल्पना त्यामुळे निदान चर्चेत आली. पण हे जग इंग्रजीत चालतं. निमगाव केतकीच्या संस्थेची ताई त्या अर्जाच्या पहिल्या पानावरच थांबते. तिला समज कमी नाही. तिला मराठीत, जवळ, आणि घरचं सगळं आवरून संध्याकाळी परत येता येईल असं काही हवं आहे. पुण्यात ‘अफार्म’ ही ग्रामीण संस्थांची जुनी शिखर संस्था आहे, कर्वे समाजसेवा संस्था आहे, यशदा आहे. शिकवणारे आहेत. बोलावणारा नाही.

महोदय, कायद्याने आपल्याला एक संधी आणून दिली आहे. २०२५ मधल्या दुरुस्तीने तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशापुरती आणण्याचं धोरण आलं. वर्तमानपत्रांनी त्याची चर्चा टाटा ट्रस्टच्या निमित्ताने केली, जणू हा मुंबईतल्या बड्या लोकांचा मामला आहे. पण त्याचा खरा हादरा बसेल तो तालुक्याच्या गावी, जिथे स्थापनेपासूनचे विश्वस्त अजून त्याच खुर्च्यांत आहेत. खुर्च्या मोकळ्या होतील. त्यांत कोण बसणार? तयारीची माणसं नसतील तर भाचे, मेहुणे आणि गटाचे कार्यकर्ते बसतील, आणि दुरुस्तीचा हेतू कागदावर राहील.

म्हणून मागणं साधं आहे. कलम ३७ खाली न्यासांकडून विवरण मागवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. वार्षिक हिशेबाबरोबर एक पान जास्त मागवा. दैनंदिन कारभार कोण पाहतं, त्याच्या गैरहजेरीत कोण पाहील, बँकेत सहीचे अधिकार किती जणांना, आणि वर्षभरात आपल्या माणसांच्या शिक्षणावर संस्थेने किती खर्च केला. पान कोरं आलं तर दंड नको. कोरं पान अध्यक्षांना स्वतःच्या सहीने पाठवावं लागणं, एवढंच पुरे. वरिष्ठ कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणावरचा खर्च हा न्यासाच्या उद्दिष्टांसाठी केलेला उचित खर्च आहे, असं एक परिपत्रकही काढा. ते हातात असलं की लेखापरीक्षक शेरा मारणार नाही आणि कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यापुढे ठेवायला कागद मिळेल.

वर्षातून दोनदा बारामतीला आणि इंदापूरला आपल्या कार्यालयाने संस्थाप्रमुखांना बोलवावं. तपासणीसाठी नाही, अधिकारी प्रास्ताविक करून निघून गेले तरी चालेल. एखाद्या कॉलेजचं सभागृह पुरेल. बाएफसारख्या ठिकाणी आयुष्य घालवून निवृत्त झालेली माणसं पुणे जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांना बोलतं करावं, आणि ज्याला हवं त्या तरुण प्रमुखाला त्यांतला एक जण वर्षभरासाठी सल्लागार म्हणून जोडून द्यावा. दुसऱ्या फळीतल्या ताईला पाबळला किंवा फलटणला महिनाभर राहून काम पाहता आलं, तर दहा व्याख्यानांचं काम होईल. तिच्या महिन्याच्या पगाराचा आणि बदलीच्या माणसाचा खर्च उचलणं बारामतीच्या कोणत्याही कंपनीला जड नाही.

आपल्या कार्यालयाला हे जमणार नाही, असं कोणी म्हणेल. मनुष्यबळ अपुरं आहे, प्रलंबित अर्ज पुष्कळ आहेत, हे खरंच आहे. पण आपल्याच कार्यालयाने २०१८ च्या सुमारास राज्यभर देवस्थानांना आणि न्यासांना एकत्र आणून शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे सामुदायिक विवाह लावले होते. जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या नेमल्या, मंडप घातले, वऱ्हाडं जेवली. तेही कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिलेलं नव्हतं. धर्मादाय कार्यालयाने हाक दिली तर न्यास येतात, हे त्या वेळी सिद्ध झालं.

पैशाचा आणखी एक झरा आहे, थोडा आटलेला. न्यासांच्या उत्पन्नातून दोन टक्के अंशदान सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत जमा होत असे. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या वसुलीला स्थगिती दिली. हा निधी न्यासांच्याच पैशातून उभा राहिलेला. त्यातून न्यास चालवणाऱ्यांच्या शिक्षणावर खर्च करता येईल का, हे आपल्या विधी विभागाने तपासावं, एवढीच विनंती.

येत्या वर्षीचे हिशेब दाखल होण्याआधी ते एक पान आणि ते एक परिपत्रक निघावं. सबंध राज्यासाठी लगेच शक्य नसेल तर प्रयोग म्हणून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी.

कळावे,

दोन्ही तालुक्यांतल्या संस्थांचा एक हितचिंतक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
बारामती आणि इंदापूर परिसरातील कंपन्यांचे सीएसआर प्रमुख.
दोन्ही तालुक्यांतील सर्व न्यासांचे अध्यक्ष. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘माझ्यानंतर कोण’ हा विषय घ्यायला त्यांना परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.